क्षारपड रानाची पातळी ट्रॅक्टरवरून काढताना

कृष्णाकाठच्या क्षारपड रानात निचऱ्याचे पाइप पुरायचे तर उतार साधारण 0.1 ते 0.3 टक्के धरतात, म्हणजे शंभर मीटरला 10 ते 30 सेंटिमीटर. मोबाइलचा जीपीएस उंचीत काही मीटर चुकतो, तो इथे बाद. लागतो आरटीके, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत उंची देणारा जोडीचा जीपीएस: बांधावर बेस (एका जागी स्थिर रिसीव्हर), ट्रॅक्टरवर रोव्हर (फिरता रिसीव्हर). डंपी-स्टाफपेक्षा (पातळी बघायची दुर्बीण आणि मोजपट्टी) काम झपाट्याने होतं, पण तोल सांभाळला तरच.

अँटेना मागच्या आसाच्या बरोबर वर, मजबूत चौकटीला बांधा. छताचा पत्रा थरथरतो, तिथे नको. जमिनीपासून अँटेनाच्या बुडापर्यंतची उंची टणक, सपाट जागेवर आणि चालक बसलेला असतानाच मोजा. रोटाव्हेटर सोडवून बाजूला ठेवा. टायरची हवा सुरुवातीला आणि शेवटी तपासा.

रान कापणीनंतरचं, नांगरटीआधीचं, वाळलेलं हवं. सरीवरंब्यात एक चाक 10 सेंटिमीटर खाली गेलं की अँटेना 5 सेंटिमीटर खाली येते, शिवाय आडवी सरकते ती वेगळीच. खरी गोची ओल्या जागी होते. चाक तिथेच जास्त रुततं, त्यामुळे मुळातला खोलगट भाग नकाशावर आणखी खोल दिसतो. ही चूक सगळीकडे सारखी नसते, म्हणून सरासरी काढून जात नाही. अशा जागी उतरून रोव्हर पोलवर (हातातल्या उभ्या काठीवर) लावून रीडिंग घ्यायचं, दुसरा इलाज नाही.

ताशी सातेक किलोमीटर वेग आणि सेकंदाला एक नोंद ठेवली की दर दोन मीटरला बिंदू मिळतो. दोन फेऱ्यांमधलं अंतर 8 ते 10 मीटर पुरे. मग दोन-तीन आडव्या फेऱ्या मारा. छेदावर दोन्ही उंचीत तीन-चार सेंटिमीटरचा फरक चालेल. अख्खी फेरीच वर-खाली सरकलेली दिसली तर फिक्स (रिसीव्हरने सेंटिमीटरपर्यंत पक्की धरलेली जागा) खोटा होता असं समजा आणि ती पुन्हा घ्या. फ्लोटचे (फिक्स न झालेले, कच्चे) बिंदू सरळ काढून टाका. बांधावरच्या झाडांखाली ते हमखास येतात. क्षितिजापासून 15 अंशांखालचे उपग्रह बंद ठेवलेले बरे.

बेसला रोज नव्याने स्वतःची जागा शोधू दिली तर कालची आणि आजची उंची मीटर-दीड मीटरने सहज फसते. खुंटी एकच, आकडेही तेच टाकायचे. विहिरीच्या काँक्रीट कठड्यावर टीबीएम (उंची पडताळायचा तात्पुरता संदर्भबिंदू) खुणेने पक्का करून रोज आधी तो तपासायचा.

रिसीव्हरची लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली) उंची आणि जुन्या नकाशावरचा समुद्रसपाटीपासूनचा आरएल (उंचीचा आकडा) यांत या भागात 60 मीटरांहून जास्त फरक असतो, रिसीव्हरचा आकडा कमी येतो. दोन-चार एकरांत हा फरक जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे उतार बिघडत नाही. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मात्र मिसळू नका.

ट्रॅक्टर जात नाही अशी एक जागा उरते: पाणी जिथे सोडायचं त्या ओढ्याचा तळ. तो पोलने, त्याच बेसवरून घ्या. पाइपाचं शेवटचं तोंड त्या तळापेक्षा वर निघत नसेल, तर खोदाईची गाडी बोलावण्याआधी आराखडाच बदलावा लागतो.