मामाच काका कसा?

आमचं काम परदेशी वंशावळी तपासायचं. पुण्यात बसून युरोपातल्या माणसांची जन्म-लग्न-मृत्यू जुळवायची. सुतार-शेतकऱ्यांच्या घराण्यांत फारसं अडत नाही. अडतं ते ड्यूकांपाशी. चार नावांत चार पिढ्या भागवतात ही मंडळी!

गेल्या मंगळवारी बाराव्या शतकातल्या फ्रीडरिश बार्बारोसा या जर्मन सम्राटाच्या नातलगांची फाइल आली. आधीच्या शिफ्टमधल्या पोराने तिच्यात एक मर्ज मारून ठेवला होता, म्हणजे दोन नोंदींची एक करून टाकली होती. गेर्ट्रूड, लोथार सम्राटाची एकुलती एक लेक. नवरा हाइन्रिश, बवेरियाचा ड्यूक. खालच्या ओळीतही नवरा हाइन्रिश, बवेरियाचा ड्यूक. सॉफ्टवेअर म्हणालं डुप्लिकेट, पोराने बटण दाबलं. त्याचाही काय दोष? दिवसाला किती नोंदी उरकल्या तेवढंच वर मोजतात.

इंग्रजी तक्त्यात चूक दिसेना. बार्बारोसाचा ‘अंकल’ हाइन्रिश, इतकंच. मी सवयीने नाती मराठीत पुटपुटतो. हा आईचा, यूडिटचा, भाऊ, म्हणजे मामा. आणि हाच वडिलांचाही भाऊ, आजी आग्नेसच्या दुसऱ्या लग्नाचा, म्हणजे सावत्र काका. मामाच काका? मग बार्बारोसाचे आईबाप एकमेकांचे कोण लागले? हातातला चहा खाली ठेवला.

मर्ज उलटा फिरवायला दोन तास गेले. पहिला नवरा ‘मानी’ हाइन्रिश, वेल्फ घराण्याचा. लग्न 1127 मध्ये, गेर्ट्रूड तेव्हा बारा वर्षांची. तो 1139 मध्ये वारला, क्योनिग्सलुटरला सासऱ्याशेजारी पुरला. दुसरा हाइन्रिश याझोमिरगॉट, बाबेनबेर्ग घराण्याचा. हे लग्न 1142 मध्ये, वेल्फांशी तह करताना जर्मन राजा कोनराडने आपल्या या सावत्र भावाशी लावून दिलेलं. तो 1177 मध्ये गेला, व्हिएन्नात स्वतःच स्थापलेल्या मठात पुरला. एका माणसाची दोन थडगी झाली होती आमच्या तक्त्यात! वर 1156 मध्ये बवेरिया याझोमिरगॉटकडून सावत्र मुलाकडे गेलं. त्या मुलाचंही नाव हाइन्रिशच, ‘सिंह’.

पोराने पुरावा म्हणून चित्र दाखवलं. सिंहाने करवून घेतलेल्या बायबलच्या पोथीतलं, ती आता वोल्फेनब्युटेलला असते. सिंहामागे आईबाप उभे, लॅटिनमध्ये नावंही लिहिलेली: ‘ड्यूक हाइन्रिश, डचेस गेर्ट्रूड’. म्हटलं, बाबा रे, कुठला हाइन्रिश ते त्यात कुठे लिहिलंय?

आमच्या साहेबांनी वेळेचा रकाना लाल केला. दोन तासांत एक नोंद. असो.

फाइल मात्र अजून बंद केलेली नाही. गेर्ट्रूड बाळंतपणात गेली, 18 एप्रिल 1143. जन्म लिहिलाय 18 एप्रिल 1115. मृत्यूची तिथी मठवाले जपून लिहीत, दरवर्षी त्या दिवशी प्रार्थना करायची असे, आपल्या श्राद्धासारखी. जन्मदिवस एवढ्या काळजीने कोण लिहून ठेवतं? मला तर कुणीतरी एक तारीख दोन्ही रकान्यांत चिकटवल्यासारखी वाटते. शेरा लिहून ठेवलाय. साहेब विचारतात, अजून उघडी का?