दोन अक्षरं आणि एक व्हायल

चुकीच्या औषधाने पेशंट दगावला म्हणून अमेरिकेत नॅशव्हिलला एका नर्सवर खटला चालला. त्यावरचं सत्र आम्ही वर्गात न घेता आयसीयूच्या औषधाच्या कपाटासमोर घेतलं. दुपारचा हँडओव्हर झाला होता. सकाळच्या सिस्टर घरी जायच्या घाईत होत्या आणि दुपारच्या अजून चार्ट चाळत होत्या. ही वेळ मुद्दाम निवडली होती. तो खटला कागदावर वाचला की प्रत्येकीला वाटतं, ‘एवढं कसं दिसलं नाही हिला?’ उघड्या कपाटासमोर, फोन वाजत असताना तसं वाटत नाही.

घटना 26 डिसेंबर 2017 ची, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट रुग्णालयातली. मेंदूत रक्तस्राव झालेली 75 वर्षांची बाई बरी होत आली होती. पेट स्कॅनच्या बंद यंत्राची तिला भीती, म्हणून डॉक्टरांनी ‘व्हर्सेड’ 2 मिलिग्रॅम शिरेतून लिहिलं. व्हर्सेड म्हणजे आपलं मिडाझोलम, गुंगीचं औषध. राडोंडा व्हॉट ही त्या दिवशी ‘मदतीची’ नर्स होती, म्हणजे जिथे हात कमी पडेल तिथे पळायचं. सोबत एक शिकाऊ नर्स. औषधाच्या संगणकीकृत कपाटात तिने ‘व्ही, ई’ ही दोन अक्षरं टाकली. कपाट मूळ नावाने शोधत होतं, व्यापारी नावाने नाही, त्यामुळे व्हर्सेड सापडेना. मग तिने ओव्हरराइड केलं. फार्मासिस्टच्या तपासणीला वळसा घालून औषध काढायची ही सोय. पुन्हा तीच दोन अक्षरं, आणि यादीत वर आलं ते व्हेकुरोनियम, स्नायू लुळे पाडणारं औषध. तिने ते काढलं.

इथे थांबून मी दोन्ही औषधांच्या व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, ट्रेमध्ये ठेवल्या. मिडाझोलम तयार द्रव असतं, आमच्या व्हायलमध्ये 1 मिलीत 1 मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये ओढायचं की झालं. व्हेकुरोनियम ही पांढरी पावडर. 10 मिलिग्रॅमची व्हायल असेल तर 10 मिली पाणी किंवा सलाइन घालायचं, हलवायचं, विरघळू द्यायचं आणि मग ओढायचं. एकीला करायला सांगितलं. रबराचं बूच पुसण्यापासून सिरिंज भरेपर्यंत ती घाई न करता करत होती. जवळजवळ दीड मिनिट गेलं. दीड मिनिट ते लेबल तिच्या बोटांखाली होतं.

माझ्या मते त्या प्रकरणात सगळ्यात जड आहे ती ही पायरी. कपाटात चुकीच्या नावावर बोट पडणं समजू शकतं. मिडाझोलम कधीच विरघळवावं लागत नाही, हे रोज ते देणाऱ्या हाताला माहीत असतं. हात अडखळतो, पण डोकं दुसरीकडे असेल तर हाताचं कोणी ऐकत नाही. वर तिथल्या व्हायलच्या टोपीवर इशारा छापलेला होता की हे स्नायू लुळे पाडणारं औषध आहे. आमच्या ट्रेमधल्या व्हायलच्या टोपीवर तसं काही नव्हतं, लेबलावर बारीक अक्षरात होतं. एका सिस्टरने चष्मा काढून, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

मग पुढची पायरी. औषध देऊन नर्स निघून गेली. पेशंटला मॉनिटर लावलेला नव्हता. त्या विभागात औषध आणि पेशंट जुळतात का ते पाहणारा बारकोड स्कॅनरही नव्हता, त्यामुळे शेवटचं यांत्रिक गाळणं आपोआप गळलं. सुमारे अर्ध्या तासाने पेशंटची ने-आण करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की बाई प्रतिसाद देत नाहीत. हृदय सुरू झालं, पण मेंदू वाचला नाही. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

व्हेकुरोनियम गुंगी आणत नाही, हे नव्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शुद्ध राहते, ऐकू येतं, दुखतं. फक्त पापणी हलत नाही, बोट हलत नाही आणि दोन-तीन मिनिटांत छाती हलायची थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला पेशंट शांत झोपल्यासारखा दिसतो, आणि मिडाझोलम दिल्यावर आपली अपेक्षाही तीच असते. म्हणून मिडाझोलम असो की आणखी काही, शिरेतून गुंगीचं औषध दिलं की बोटाला पल्स ऑक्सिमीटर, हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग जवळ, आणि निदान पहिली पंधरा मिनिटं कोणीतरी बाजूला. एमआरआयला नेतानाही हेच. तिथे तर ‘वॉर्डबॉय आहे ना सोबत’ हे उत्तर हमखास मिळतं.

चूक उघडी पडली ती उरलेल्या व्हायलमुळे. व्हॉटने ती पिशवीत घालून ठेवली होती. दुसऱ्या नर्सने पाहिली आणि विचारलं, ‘हेच दिलंस का?’ व्हॉटने तिथल्या तिथे मान्य केलं. खरं तर इथे तपास सुरू व्हायला हवा होता. पण मृत्यू तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांपर्यंत व्हेकुरोनियमचं नाव गेलंच नाही, मृत्यू मेंदूतल्या रक्तस्रावाचा म्हणून नोंदला गेला. रुग्णालयाने तिला कामावरून काढलं, कुटुंबाशी कोर्टाबाहेर तडजोड केली. 2018 मध्ये निनावी तक्रार गेल्यावर केंद्रीय यंत्रणेची अचानक तपासणी झाली आणि सगळं बाहेर आलं. फेब्रुवारी 2019 मध्ये तिला अटक झाली. आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटीच उभी राहिली, रुग्णालयावर फौजदारी आरोप झाला नाही.

मार्च 2022 मध्ये ज्यूरीने बेदरकार मनुष्यवधाच्या आरोपातून तिला सोडलं, पण निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं आणि असहाय प्रौढ व्यक्तीची घोर हेळसांड यांत दोषी धरलं. मे महिन्यात शिक्षा झाली, तीन वर्षं देखरेखीखाली, तुरुंग नाही. परवाना त्याआधीच, 2021 मध्ये गेला होता. अमेरिकाभरच्या नर्सेसनी आवाज उठवला: जिने लगेच कबूल केलं तिलाच गुन्हेगार ठरवलं, तर पुढची कबूल करेल का? केंटकी राज्याने 2024 मध्ये कायदाच केला की घोर निष्काळजीपणा किंवा दुष्ट हेतू नसेल तर आरोग्यसेवकावर चुकीसाठी फौजदारी खटला नाही.

‘आपल्याकडे शिक्षा किती?’ असं मागून कोणीतरी विचारलं.

भारतीय न्याय संहितेचं कलम 106 वाचून दाखवलं. 1 जुलै 2024 पासून निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये दोन वर्षं होती. वैद्यकीय प्रक्रिया करत असताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून घडलं तर मात्र दोनच. आणि नोंदणीकृत म्हणजे कोण, हे स्पष्टीकरणात दिलेलं आहे: राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कायद्याखाली ज्याचं नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. आपली नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. म्हणजे फोनवर चुकीचा डोस सांगणाऱ्या डॉक्टरला कमाल दोन वर्षं आणि तो डोस देणाऱ्या सिस्टरला कमाल पाच. थोडा वेळ कोणी बोललं नाही. जेकब मॅथ्यू या डॉक्टरच्या प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याआधी जाणकार वैद्यकीय मत घ्यायला सांगितलं, सरसकट अटकेला मनाई केली, पण त्या निकालाची भाषा डॉक्टरांची आहे. औषधाचं सोडा, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीनंतर दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला होता, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीनंतर परिचारिकांना अटक झाली होती. आग काही सिस्टरच्या हातातल्या सिरिंजमधून लागली नव्हती.

आमच्याकडे संगणकाचं कपाट नाही, म्हणून ओव्हरराइड नाही, असं एकीने म्हटलं. ओव्हरराइड आपल्याकडेही आहे. ‘आधी दे, नंतर लिहिते’ हे ओव्हरराइड. क्रॅश कार्टची, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीची, किल्ली कायम कुलपातच लटकलेली, हे ओव्हरराइड. लेबल न लावता भरून ठेवलेली सिरिंज, व्हायलला चिकटपट्टीने बांधलेली सिरिंज. फार्मसीने ब्रँड बदलला आणि नवं खोकं जुन्या जागी गेलं, कोणालाच न सांगता. पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलीची ॲम्प्युल पाण्याच्या ॲम्प्युलशेजारी. तिच्यात 20 मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं माप) पोटॅशियम असतं, सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबवायला पुरेसं.

कपाट तपासलं. इंट्युबेशनच्या, म्हणजे श्वासनळीत नळी घालायच्या सामानाच्या, डब्यात मिडाझोलम आणि व्हेकुरोनियम एकाच खणात सापडली, शेजारी शेजारी, दोन्ही छोट्या काचेच्या व्हायल, दोन्हींना ॲल्युमिनियमची कडा. फ्रीजमध्ये ॲट्राक्युरियमच्या (हेही लुळं पाडणारंच) ॲम्प्युल इन्सुलिनच्या मागे. कोणी मुद्दाम ठेवलं नव्हतं. घाईच्या वेळी सगळं एका जागी मिळावं म्हणून वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं.

त्या दिवशी जे ठरलं ते फार मोठं नव्हतं. लुळं पाडणारी औषधं झाकण असलेल्या वेगळ्या लाल डब्यात, डब्यावर देवनागरीत ‘श्वास थांबतो’. वॉर्डात ती ठेवायचीच नाहीत. फक्त आयसीयू, ओटी आणि कॅज्युअल्टीत. तोंडी ऑर्डर ऐकणारीने नाव आणि डोस मोठ्याने परत म्हणायचं, मूळ नावाने. चूक झालीच तर आधी ॲम्बू आणि हाक, मग डॉक्टर, मग केसपेपरवर खरी वेळ. व्हायल, सिरिंज, सुई एका पिशवीत बंद करून इन्चार्जच्या ताब्यात. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. वकिलाला व्हाइटनर औषधापेक्षा आधी दिसतं.

सर्जिकल वॉर्डातून व्हेकुरोनियमच्या चार व्हायल निघाल्या. त्यातल्या दोन मुदत संपलेल्या. तिथे त्या कोणी, कधी मागवल्या, हे इंडेंटच्या, म्हणजे औषधं मागवायच्या, वहीत सापडलं नाही.