सांतियागोची पायी यात्रा: निघण्यापूर्वीची तयारी

येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक असलेल्या संत याकोबाच्या कबरीच्या दर्शनासाठी स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत पायी जायचे, असे मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने ठरवले, तेव्हा तयारी म्हणजे व्हिसा, तिकिटे आणि राहण्याची सोय एवढेच आम्ही धरून चाललो होतो. ती कामे महत्त्वाची आहेतच. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि हे सारे वेळेवर हाती घेतले की उरकते. पावलांची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाही, हे आम्हाला वाटेवर उतरल्यावर कळले.

आधी मार्गाविषयी. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारा प्रसिद्ध ‘फ्रेंच मार्ग’ सुमारे ७८० किलोमीटरचा असून त्याला महिनाभर किंवा थोडे अधिक दिवस लागतात. एवढी सवड नसलेले बहुतेक यात्रेकरू गॅलिसिया प्रांतातील सारिया या गावापासून सुरुवात करतात, कारण तेथून सांतियागो साधारण ११५ किलोमीटरवर आहे आणि ‘कोम्पोस्तेला’ हे यात्रेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालावे लागते. आम्हीही सारियाच निवडले आणि वाट सहा दिवसांत वाटून घेतली. पाच दिवसांतही ती होते, पण बहिणीचे गुडघे लक्षात घेता तो एक जादा दिवस मला आजही योग्य वाटतो.

प्रमाणपत्रासाठी ‘क्रेदेन्सियाल’ नावाची घडीची पुस्तिका बाळगावी लागते. ती यात्रेकरूंच्या संघटनांकडून आधी मागवता येते किंवा निघण्याच्या गावातील चर्चमध्ये आणि यात्रेकरूंच्या निवासात मिळते, आणि तिच्यावर रोज किमान दोन शिक्के घ्यायचे असतात. एका लहानशा चर्चमध्ये वृद्ध सेवकाने शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबून, पुस्तिकेची रेघ पाहून, अगदी सरळ उमटवला आणि शाई वाळेपर्यंत पुस्तिका मिटू नका असे हातानेच खुणावले. शाईवर फुंकर घालत आम्ही दोघी तिथेच बाकावर बसलो आणि जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा मण्यांच्या प्रार्थना, म्हणून उठलो. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, कारण गॅलिसियात पाऊस कधीही येतो.

आता बूट. मी निघण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी नवे बूट घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी, पोर्तोमारीनहून पालास दे रेईकडे जाताना, उजव्या टाचेला चटका जाणवू लागला. पुढच्या गावात पाहू म्हणत मी तशीच चालत राहिले, आणि मोजा काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता. तेव्हा मनापासून सांगते, की बूट किमान दोन-तीन महिने आधी घ्यावेत, चालून पाय सुजतात म्हणून नेहमीच्या मापापेक्षा अर्धा क्रमांक मोठे घ्यावेत, आणि तेच बूट, तेच मोजे व पाठीवर भरलेली पिशवी घेऊन आठवड्यातून निदान एकदा लांब चालावे. सलग दोन दिवस चालून पाहणे त्याहून चांगले, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. चालताना जरा जरी चटका बसला, तरी तिथल्या तिथे थांबून बूट काढावा आणि त्या जागी चिकटपट्टी लावावी.

पिशवीचे वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे, असे अनुभवी यात्रेकरू सांगतात. माझी पहिली पिशवी नऊ किलोंची भरली होती. मग एकेक वस्तू स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून आम्ही तिला सहा किलोंपर्यंत आणले. जादा स्वेटर गेला, दुसरा टॉवेल गेला, जाड प्रार्थनापुस्तक गेले. बायबलमधील नव्या कराराची छोटी प्रत, पिशवीसकट अंग झाकणारा रेनकोट आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह राहिली. पाठीचा त्रास असेल त्यांच्यासाठी मुक्कामापासून मुक्कामापर्यंत सामान पोहोचवण्याची सोय आहे आणि ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

आध्यात्मिक तयारीही अशीच नेटकी करावी. वाटेवरील अनेक लहान चर्च दिवसा बंद असतात, म्हणून मुक्कामाच्या गावी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासना, किती वाजता आहे हे पोहोचताच विचारावे. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये पाठीवरची पिशवी नेऊ देत नाहीत, तेव्हा यात्रेकरूंच्या मिस्सेआधी ती निवासावर ठेवण्याइतका वेळ हाताशी असावा. २५ जुलै हा संत याकोबाचा सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानले जाते. २०२७ हे तसे वर्ष असल्याने तेव्हा जाणाऱ्यांनी राहण्याची सोय खूप आधी करावी.

निघताना अनेकांनी आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले होते आणि बहिणीने ती सारी नावे एका वहीत लिहून घेतली होती. वेदीखालच्या तळघरात, प्रेषिताच्या अस्थींच्या चांदीच्या पेटीसमोर, ती वही उघडून वाचू लागली. पण मागे रांग उभी होती, आणि पाचसहा नावांनंतर आम्हाला उठावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी, आम्ही पुन्हा गेलो आणि उरलेली नावे शेवटपर्यंत वाचली. परतीचे तिकीट काढताना सांतियागोत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवला होता, म्हणूनच ते जमले.