मावशींची गाडी आणि उडालेली कल्हई

नारळी पौर्णिमा झाल्यावर मिरकरवाड्याच्या एक मासेविक्रेत्या मावशी गाडी ढकलत गॅरेजवर आल्या. रत्नागिरीत मी इलेक्ट्रिक दुचाकी दुरुस्त करतो. पावसाळ्यात बंद पडलेल्या गाड्या येतातच, पण ही गाडी अजून डोक्यातून जात नाही.

तक्रार साधी होती. सपाटीला चालते, बंदराकडून वर येणारा चढ लागला की मीटर विझतो. शोरूमवाल्यांनी गाडीला हात न लावता सांगून टाकलं होतं, बॅटरी गेली, नवी टाका. हे मला अजिबात पटत नाही. हजारो रुपयांची वस्तू बाद ठरवायची तर निदान व्होल्टमीटर तरी लावा.

बॅटरी ६० व्होल्टची लिथियम, आत १६ सेल सिरीजमध्ये, फुल चार्जला ६७.२. टेबलावर ६५.८ दाखवत होती, म्हणजे ठणठणीत. पण नुसत्या व्होल्टेजवरून काही कळत नाही, खरं दुखणं लोड आल्यावर दिसतं. मागचं चाक उचलून फिरवलं तर मोटर जेमतेम दोन-तीन अँपिअर घेते. ब्रेक दाबून लोड द्यावा तर ब्रेकचा स्विच मोटरच बंद करतो. म्हणून मी बॅटरी गाडीला जोडणाऱ्या प्लगच्या मागून दोन्ही बाजूंना बारीक सुया घालतो, मीटर पायदानावर टेपने चिकटवतो आणि गाडी चढावर नेतो. २० अँपिअरला एकट्या प्लगमध्ये २.१ व्होल्ट पडत होते. म्हणजे ४२ वॅटची उष्णता, काडेपेटीएवढ्या प्लास्टिकमध्ये. माझी डाग द्यायची सोल्डरिंग गन २५ वॅटची आहे.

एमसीबी, म्हणजे बॅटरीचा मेन स्विच, पाडली, बॅटरी काढली, प्लग उघडला. प्लास्टिक तपकिरी पडून एका कडेला वितळलं होतं. आतल्या धातूच्या पात्यांवर हिरवा थर, वर मिठाची पांढरी पूड. मागे मासळीचा टब असतो, त्यातलं बर्फाचं खारं पाणी निथळून वायरीवरून थेट प्लगमध्ये उतरत होतं. वायर सोलली तर आतली तार काळी. खारं पाणी तारेतून वर चढतं, त्यामुळे बाहेरून इन्सुलेशन कोरं करकरीत दिसतं. चार बोटं वायर कापल्यावर कुठे लालसर तांबं लागलं.

मग पातं उजेडात धरलं. हिरव्याखाली आडव्या बारीक रेघा होत्या. त्या पॉलिश पेपरच्या होत्या. माझ्याच.

मे महिन्यात मावशी सर्व्हिसिंगला आल्या होत्या. पात्यांवर थोडा काळसरपणा होता, तो मी पेपरने घासून लख्ख केला, वर ग्रीस लावलं आणि चांगलं काम केलं असं समजलो. या पात्यांवर कथलाचा मुलामा असतो, दोन-चार मायक्रॉनचा. घरच्या पितळी पातेल्याची कल्हई उडाली की आंबट आमटी कळकते, हे लहानपणापासून माहीत आहे. आई कल्हई केलेलं भांडं राखेनेसुद्धा जपून घासायची. तेच मी पेपरने खरवडून काढलं. पुढे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, गाडी पडवीत उभी, आत मीठ आणि उघडं तांबं.

आता काय करायचं ते मला ठाऊक आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, एवढंच. त्याने जात नसेल तर पातं बदलायचं, घासायचं नाही. मावशींचं पातं तापून ढिलं पडलं होतं, स्प्रिंगचा जोर गेला होता. असलं पातं कितीही स्वच्छ केलं तरी पुन्हा तापतंच. नवा प्लग घातला, हायड्रॉलिक क्रिंपरने वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबला, वर गोंदवाली स्लीव्ह चढवली. पाती पूर्ण कोरडी झाल्यावर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, ग्रीसचा पातळ हात दिला. बेअरिंगचं ग्रीस नाही, आणि ओल्यावर तर कुठलंच नाही, नाहीतर पाणी आतच कोंडतं. प्लगच्या आधी वायरीला खाली झोळ ठेवला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगपर्यंत चढणार नाही. तो झोळ द्यायला कारखान्यात दोन इंच जास्त वायर लागली असती, इतकंच. त्याचा मला खरंच राग येतो. पुन्हा चढावर मोजलं तर ०.०४ व्होल्ट.

मावशींना म्हटलं, "मावशी, मे महिन्यात मीच चुकीचं घासलं होतं. पैसे नकोत."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "माझे चार दिवस गेले रे दादा. उधारीवर माल उचललेला." मग म्हणाल्या, "आता नाही ना होणार?"

टबाखाली रबरी शीट टाकून घ्या, गाडीला प्रेशरचं पाणी मारू नका, प्लग काढताना आधी एमसीबी पाडा, ठिणगीने पात्याला खड्डे पडतात, एवढं सांगितलं. होणार नाही असं मात्र म्हणवलं नाही.

रात्री वही काढली. एप्रिल-मे मध्ये "प्लग पॉलिश" असं नऊ गाड्यांपुढे लिहिलंय. मावशींची धरून पाच तपासून झाल्या, आणखी दोन हिरव्या पडायला लागल्या होत्या. तिघे या आठवड्यात येतो म्हणालेत. उरलेली एक गाडी रोज भाट्याच्या खाडीवरच्या पुलावरून जाते. तिच्या मालकाचा फोन लागत नाही, म्हणून उद्या सकाळी पुलापाशीच उभा राहणार आहे.