शेजारच्या शेतातला डीसी आपल्याला जोडायचा, पण दणका केवढा झेपेल?

मे महिन्यात यावल-रावेरकडे पारा 45 च्या वर जातो, केळीला पाणी चुकवून चालत नाही, आणि नेमका तेव्हाच डीपी जळतो नाहीतर फीडर बंद पडतो. मग दिवसभर एकमेकांना फोन, लाइट उनी का, लाइट उनी का. म्हणून बऱ्याच जणांनी सोलर पंप बसवले. पण पावसाळ्यात पंप बंद, पॅनल नुसतं ऊन खात पडलेलं, आणि बांधापलीकडच्या शेतात गोठ्याचे पंखे, फवारणी पंपाची बॅटरी, घरातले दिवे यांना वीज कमी पडतेय. त्यामुळे हल्ली एक प्रश्न मला सारखा येतो की सर, तीन-चार शेतांची पॅनल आणि बॅटऱ्या एकाच डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) लाइनवर जोडल्या तर काय बिघडतं? मी इलेक्ट्रिकल शिकवतो म्हणून लोक विचारतात, आणि मला हा प्रश्न मनापासून आवडतो.

माझं उत्तर आहे, जोडा भाऊ. पण आधी विचारा की हे जाळं केवढ्या मोठ्या दणक्यातून परत जागेवर येतं. "स्टेबल आहे का" एवढंच विचारून भागत नाही.

आपल्याला सवय एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या ग्रिडची. दीपनगरच्या वीज केंद्राचं टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे मारतंय, एवढं जड लोखंड फिरतंय म्हटल्यावर अचानक लोड वाढला तरी पहिले काही क्षण त्या फिरण्यातली ऊर्जाच भार उचलते, तोवर टर्बाइनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर जागा होतो. आपल्या छोट्या डीसी जाळ्यात, म्हणजे डीसी मायक्रोग्रिडमध्ये, फिरणारं असं काहीच नाही. तिथे बसवर, म्हणजे सगळे जिला जोडलेत त्या सामाईक लाइनवर, थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो, एवढंच. 48 व्होल्टवर 1000 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा किती, तर साधारण 1.15 ज्यूल. आणि 1000 वॅटचा लोड एका मिलिसेकंदात 1 ज्यूल खातो. म्हणजे बॅटरीचं कनेक्शन सुटलं की तुमच्या हातात जेमतेम एक मिलिसेकंद आहे, त्यात दुसऱ्या कोणीतरी भार उचलला पाहिजे नाहीतर बस बसलीच.

त्यात लोड असे की व्होल्टेज पडलं की ते जास्त ओढतात. जुना बल्ब किंवा हीटर असता तर व्होल्टेज कमी झाल्यावर करंटही कमी झाला असता, बिचारा आपोआप मदत करतो. पण आजचा बीएलडीसी पंखा, पंपाचा कंट्रोलर, चार्जर, केळी पिकवायच्या चेंबरचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, हे सगळे व्होल्टेज बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमागे बसलेत आणि कन्व्हर्टरला एकच कळतं की मला 1000 वॅट पाहिजे म्हणजे पाहिजे. 48 व्होल्टला तो 20.8 अँपिअर घेतो, 40 ला 25 घेतो. व्होल्टेज पडलं म्हणून करंट वाढला, करंट वाढला म्हणून वायरमध्ये आणखी व्होल्टेज पडलं, आणि हे चक्र सुरू झालं की थांबवायला कोणी नाही. याला कॉन्स्टंट पॉवर लोड म्हणतात आणि डीसी ग्रिडच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ हेच आहे.

आता आकडे घेऊन बघू, कारण खरी गंमत आकड्यातच आहे. 48 व्होल्टचा सोर्स, 10 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर जाऊन-येऊन 55 मीटर, म्हणजे रेझिस्टन्स जवळपास 0.1 ओहम. लाइनचं आणि फिल्टरचं मिळून इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) 100 मायक्रोहेन्री धरा. लोड 1000 वॅट, म्हणजे लोडपाशी व्होल्टेज येतं 45.8. या सर्किटला छोटासा धक्का दिला तर ते सावरतं की नाही याचा हिशोब सोपा आहे, लोडची पॉवर, लोडपाशीच्या व्होल्टेजच्या वर्गाला आर-सीने (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटरचं माप) गुणून एलने (इंडक्टन्सने) भागल्यावर जे येतं त्यापेक्षा कमी पाहिजे. कपॅसिटर 1000 मायक्रोफॅरडचा असेल तर ही मर्यादा येते जवळपास 2100 वॅट, म्हणजे निवांत. आता खर्च वाचवायला कपॅसिटर 480 चा केला समजा. मर्यादा येते 1007 वॅट. आपला लोड 1000. म्हणजे कागदावर पास!

पण तोच 1000 वॅटचा लोड बस मोकळी असताना एकदम ऑन करून बघा. इंडक्टरमधून करंट यायला वेळ लागतो, तोवर कपॅसिटर रिकामा होत जातो, आणि पहिल्याच झोक्यात व्होल्टेज 12 एक व्होल्टने घसरून 35-36 वर येतं. एवढ्या मोठ्या झोक्यात लोडचा ओढा आणखी तीव्र होतो, सर्किटमधलं डॅम्पिंग, म्हणजे झोका शमवणारी ताकद, पुरत नाही, पुढचा झोका त्याहून मोठा, आणि मग व्होल्टेज फार पडलं म्हणून कन्व्हर्टर ट्रिप. सगळे ट्रिप झाले की बस वर येते, की सगळे एकदम चालू होतात, की परत बसते. पंप धडधड करत चालू-बंद होतोय आणि कोणाला कळत नाही बिघडलंय काय, कारण प्रत्येक डबा सुटा तपासला तर चांगला आहे.

हे समजून घ्यायला सातपुडा डोळ्यासमोर आणा. डोंगरमाथ्याच्या धारेच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब तापीला येणार, चार हात पलीकडे पडला तर नर्मदेला. ग्रिडचंही तसंच आहे, धक्का बसल्यावर तुम्ही धारेच्या कुठल्या बाजूला पडलात त्यावर ठरतं की परत 45.8 ला येणार की कोसळणार. छोट्या धक्क्याचा हिशोब फक्त एवढंच सांगतो की तुम्ही आत्ता तापीच्या बाजूला उभे आहात, धार किती लांब आहे ते तो सांगतच नाही. मिडलब्रूक या इंजिनिअरचा 1976 चा इम्पीडन्सचा (सोर्सचा आणि लोडचा अडथळा ताडून बघायचा) नियम सगळे वापरतात आणि तो उपयोगी आहेच, पण तोही छोट्या धक्क्याचाच. धार शोधायला रशियन गणिती ल्यापुनोव्हची 1892 ची पद्धत किंवा ब्रेटन आणि मोझर यांची 1964 ची मिक्स्ड पोटेन्शियलची पद्धत लागते. त्या पद्धती हात राखून उत्तर देतात, सुरक्षित भाग खऱ्यापेक्षा लहान दाखवतात, पण शेतात बसवायच्या गोष्टीला मला तेच बरं वाटतं.

आता दोन शेतं जोडली की काय होतं ते बघा, इथेच मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. मधे दोन्हीकडून चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवतात. अ शेताची बॅटरी गेली की ब शेताकडून वीज येते, अ ची बस सावरली, छान. पण ब च्या बाजूने बघा ना. तो मधला कन्व्हर्टर अ चं व्होल्टेज धरून ठेवायला ठरलेली पॉवर ओढतोय, ब चं व्होल्टेज पडलं तरी ओढतोय, म्हणजे ब साठी तोच एक नवा कॉन्स्टंट पॉवर लोड झाला! अ ला जितकं घट्ट धरून ठेवाल तितकी ब ची धार जवळ येते. तिसरं शेत जोडलेलं असेल तर ब कोसळल्यावर त्याच्यावर दुहेरी भार. मदतीला बांधलेल्या तारेनेच आजार पसरतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की मधल्या कन्व्हर्टरने मदत करताना देणाऱ्याचं व्होल्टेजही बघितलं पाहिजे. ब 46 च्या खाली गेला की मदत कमी करत न्यायची, 43 ला बंद, हे त्याच्या कंट्रोलमध्येच बसवायचं, मोबाइलच्या रेंजवर किंवा सर्व्हरवर सोडायचं नाही, एका मिलिसेकंदाच्या खेळात मेसेज पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बॅटरीप्रमाणे बदलतील.) पंपाला पण व्होल्टेजप्रमाणे स्पीड कमी करायला शिकवा, पाणी थोडं हळू आलं तर केळीला काही होत नाही. ट्रिपनंतर सगळे एकदम चालू नकोत, मागेपुढे चालू होऊ देत. आणि कपॅसिटरमध्ये कंजुषी नको.

शॉर्ट सर्किटचं वेगळं लिहीन, तो मोठाच विषय आहे. एवढं मात्र आत्ताच सांगतो, डीसी करंट एसीसारखा दर अर्ध्या सायकलला शून्यावर येत नाही, आर्क (ठिणगीचा जाळ) सहज विझत नाही, त्यामुळे एसीची एमसीबी काढून इथे बसवायचा उद्योग कोणीच करू नका. डीसी रेटिंगचाच ब्रेकर घ्या.

कंपनीवाला डेमो द्यायला आला की तो एक पंखा चालू-बंद करून दाखवतो. त्याला म्हणा दादा, सगळ्यात मोठा पंप चालू ठेव, शेजारच्या शेताला मदत जाऊ दे, आणि आता माझ्या बाजूच्या बॅटरीचा आयसोलेटर (बॅटरी तोडायचा स्विच) ओढ. बसवर ऑसिलोस्कोप (क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारं यंत्र) लावायला सांगा, मल्टिमीटर नको, मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही. मग लोड दुप्पट करून परत ओढायला सांगा, आणि कितव्याला ट्रिप झालं तो आकडा कोटेशनवर लिहून घ्या.