आमच्या गल्लीतला गुलमोहर

काल रात्रीच्या पावसात कोथरूडमधील आमच्या गल्लीतला गुलमोहर मुळासकट आडवा झाला. आज सकाळी त्याच्या कापलेल्या बुंध्यापाशी मी बराच वेळ उभा होतो. मधला गाभा तपकिरी होऊन इतका भुसभुशीत झाला होता की बोटाने दाबताच त्याचा चुरा हातात आला. भोवतीचे लाकूड मात्र ओले आणि ताजे होते.

झाडाला माणसासारखे ठरलेले आयुष्य नसते. सालीच्या आतला एक पातळ जिवंत थर सतत नवे लाकूड घडवत राहतो आणि जुना गाभा तसाही निर्जीवच असतो, म्हणून पोकळ झालेले झाडसुद्धा वर्षानुवर्षे फुलते. कॅलिफोर्नियातील ‘मेथुसेला’ हा पाइन वृक्ष ४,८०० वर्षांहून अधिक काळ जगला आहे, कारण थंड, कोरड्या डोंगरावर तो अत्यंत सावकाश वाढतो आणि त्याच्या दाट, राळयुक्त लाकडात बुरशीला सहजी शिरकाव मिळत नाही. आपला वड तर पारंब्या रोवून नवी खोडेच उभी करतो.

गुलमोहर भराभर वाढतो, त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. फांद्या छाटल्याच्या जखमांतून बुरशी आत शिरते, आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. आमच्या गुलमोहराला म्हातारपणाने नेले, असे मला मुळीच वाटत नाही. उखडलेल्या ब्लॉकखाली त्याची तुटकी मुळे दिसत होती, आणि पडलेल्या फांद्यांवर पाने अजून हिरवी होती.