मदतनिधीचा पंक अल्बम: आजचा दिवस फाइल्सचा

मदतनिधी उभा करायला अनेक बँडनी फुकट दिलेल्या गाण्यांचा एक अल्बम जुळवतोय, म्हणून आज दिवसभर वेगवेगळ्या बँडची गाणी एकापाठोपाठ लावून ऐकली. एक कुजबुजतं, पुढचं कानठळ्या बसवतं. कारण नेहमीचंच: कुणी एमपी३ पाठवतं, कुणी लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन) लावून आधीच दाबून टाकलेली फाइल. तशा फाइलमध्ये स्नेअर ड्रमचा फटका चपटा होतो आणि मास्टरिंगला, म्हणजे सगळ्या गाण्यांवर शेवटचा हात फिरवताना, तो परत आणता येत नाही. म्हणून बँडना पहिल्याच निरोपात स्पष्ट लिहा: २४ बिट वेव्ह (न दाबलेली ऑडिओ फाइल), पूर्ण मिक्सवर लिमिटर नको, पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे ३ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास.

विनाइल रेकॉर्ड काढणार असाल तर १२ इंची तबकडीच्या एका बाजूला ३३ आरपीएमवर (मिनिटाला ३३ फेरे) १८ ते २० मिनिटंच ठेवा. दोन-दोन मिनिटांची आठ-नऊ गाणी आरामात बसतात. त्याहून जास्त कोंबलं की खाचा अरुंद होतात, आवाज बारीक पडतो. झांजांचा कल्लोळ असलेली गाणी सुरुवातीला घ्या; तबकडीच्या मध्याजवळ त्यांचा आवाज फाटतो.

परवानगी दोन गोष्टींची लागते, रेकॉर्डिंगची आणि गीत-संगीताची. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने वाजवलेलं, असेल तर मूळ हक्कदाराची रॉयल्टी द्यावीच लागते. काम धर्मादाय आहे म्हणून ती आपोआप माफ होत नाही.

आणि पैसे! ‘सगळी रक्कम’ की ‘खर्च वजा जाता उरलेली’, हे अल्बमच्या वेष्टनावरच छापा. बँडकॅम्प ही गाणी विकायची वेबसाइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतं, पेमेंटचं शुल्क वेगळं. शक्य असेल तर विक्रीची रक्कम थेट मदत मिळणाऱ्या संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, आणि पावती सगळ्या बँडना पाठवा. गाणं फुकट दिलेल्या माणसाला एवढं कळायलाच हवं.